दहावी खुर्ची

पहिली जीप साडेपाचला आली. तिच्यातून कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी विजार आणि पांढरे बूट घातलेले एक गृहस्थ उतरले. गॉगल कपाळावर चढवून मला म्हणाले, "आंबेघोलचे सरपंच आलेत म्हणून सांगा आत."

मी यादी बघितली. आंबेघोल : सौ. अनुसया दत्तात्रय खोत.

"या, या. वहिनी कुठायत?" मी जीपमध्ये डोकावले. मागच्या सीटवर फक्त स्टेपनी होती.

"वहिनी घरी. तिचं काय काम हितं?" दत्ताजीराव खोत म्हणाले आणि लॉनवर जाऊन टेबल क्रमांक एकला बसले. समोर त्यांच्या बायकोच्या नावाची पाटी होती. ती त्यांनी जरा सरळ केली.

मला वाटलं, असेल एखादा असा. पण पावणेसहापर्यंत असे नऊ झाले. सहाला सतरा. कुणी फेटा बांधून, कुणी गळ्यात सोन्याची साखळी घालून, कुणी तर नवरदेवासारखा अत्तर लावून. सगळे सरपंच. आणि सगळ्यांच्या पाट्यांवर बायकांची नावं.

ही गोष्ट कोल्हापूरची, घरात मोबाइल एकच असायचा आणि तो पुरुषाच्या खिशात असायचा तेव्हाची. आमच्या पक्षाच्या महिला आघाडीनं निधी जमवण्यासाठी एक मोठं जेवण ठरवलं होतं. 'सन्मान राजकारणातल्या स्त्रीचा' असं त्याचं नाव. हायवेलगतच्या मंगल कार्यालयाचं लॉन, चाळीस टेबलं, दर टेबलाला दहा खुर्च्या. देणगी देणाऱ्या उद्योजकानं आपली नऊ माणसं आणायची. दहावी खुर्ची आमची. तिच्यावर निवडून आलेली एक सरपंचबाई बसणार. पैसेवाल्यांनी गावच्या कारभारणीशेजारी बसून तांबडा-पांढरा रस्सा खायचा आणि तिचं ऐकायचं, अशी कल्पना. कल्पना आमच्या अध्यक्षांची, म्हणजे इंदुताई सरनोबतांची. राबणारी मी, वैजयंता मगदूम. पक्ष कार्यालयात सहा वर्षं टेबलाच्या अलीकडे बसून दुसऱ्यांची भाषणं लिहून देत होते.

आणि यात माझा स्वतःचा जीव अडकला होता, तेही सांगून टाकते. पुढच्या जिल्हा परिषदेला आमचा गट खुला झाला होता. खुल्या जागेवर बाईला तिकीट देणं आमच्या पक्षात कुणाच्या स्वप्नातही येत नव्हतं. इंदुताईंनी माझ्यासाठी प्रदेशाध्यक्ष भाऊसाहेबांकडे शब्द टाकला, तेव्हा ते म्हणाले होते, "पोरीच्या हातून एक तरी मोठं काम तडीस गेलेलं दाखवा. मग बघू." ते मोठं काम म्हणजे हे जेवण. भाऊसाहेब साडेआठला येणार होते.

इंदुताई सव्वासहाला आल्या. गाडीतून उतरल्या, लॉनवर नजर टाकली आणि तिथंच थांबल्या.

"वैजू, ही वऱ्हाडी मंडळी कुणाची?"

"सरपंच आहेत, ताई."

"आणि बायका?"

"घरी."

"तू फोन केले होतेस ना एकेकीला?"

"चाळीसच्या चाळीस! पक्षाच्या वहीतल्या नंबरांवर. 'सरपंचांना जेवायला यायचंय' म्हटलं, सगळीकडून उत्तर आलं, येणार म्हणजे येणार. मला वाटलं, घरातल्या पुरुषानं फोन उचललाय, सांगेल तिला."

"आणि त्यांनी स्वतःलाच सांगितलं," इंदुताई म्हणाल्या. मला रडूच यायला लागलं. उद्याच्या पेपरातला फोटो मला डोळ्यांसमोर दिसत होता. 'सन्मान राजकारणातल्या स्त्रीचा' या फलकाखाली चाळीस मिशा.

तेवढ्यात फाटकात वडापची जीप थांबली. गावोगावची माणसं कोंबून आणणाऱ्या त्या जीपमधून पन्नाशीची एक बाई कशीबशी बाहेर पडली. हिरवी इरकल साडी, कपाळावर आडवं कुंकू, हातात आमची छापील निमंत्रणपत्रिका. पत्रिकेला हळदीचा डाग होता.

"हितंच हाय न्हवं जेवान?" तिनं विचारलं.

"कोण आपण?"

"अनुसया खोत. आंबेघोलची. पत्रिका माझ्या नावाची हाय, धाकटीनं वाचून दावली. मालक जीप घेऊन पुढं आल्यात. मला म्हनले, पक्षाची मीटिंग हाय. मी म्हनलं, मीटिंगला अत्तर कशाला? म्हनून मागनं आले."

मी तिला मिठी मारायचीच बाकी होती. चाळीसांतली पहिली खरीखुरी सरपंच! मी तिला टेबल क्रमांक एकला घेऊन गेले. दत्ताजीराव पाणी पीत होते, त्यांना ठसका लागला.

"तू? तू काय करतीस हितं?"

"उठा," अनुसयाबाई म्हणाल्या.

"अगं बस की तू बी. एवढ्या खुर्च्या हायत, घे एखादी."

"दुसरी माझी न्हाई. ही माझी हाय. नाव हाय बगा."

दत्ताजीरावांनी आजूबाजूला बघितलं. शेजारच्या टेबलांवरचे सगळे सरपंच अचानक आपापल्या पाट्या वाचू लागले होते. दत्ताजीराव उठले, पण फार लांब गेले नाहीत. खुर्चीच्या मागेच पाठीला हात बांधून उभे राहिले.

"एक तर झाली," इंदुताई मला म्हणाल्या. "एकोणचाळीस राहिल्या. दोन तास आहेत. कुणाकडे निरोप धाडणार? पुन्हा याच नंबरांवर फोन करशील, तर इथंच वाजतील."

अनुसयाबाईंनी ते ऐकलं. "कुनाला बलवायचंय? सरपंच बायास्नी? मग घरी कशाला फोन लावताय? आता समद्या डेअरीत असत्यात."

"डेअरीत?"

"संध्याकाळचं दूध घालाय. सहा-साडेसहा म्हंजे लायनीत हुब्या असनार. आनि सातला दुधाचा टेम्पो निघतोय. त्यो कुटं जातोय? ह्याच रस्त्यानं, दूध संघाच्या चिलिंगला. हितनं दोन मैल फुडं."

मी आणि इंदुताईंनी एकमेकींकडे बघितलं. त्यानंतरची अडीच मिनिटं मी आयुष्यात पहिल्यांदा साडी गुडघ्यापर्यंत उचलून धावले. कार्यालयाच्या मॅनेजरच्या खोलीत दूध संघाची डायरी होती. कोल्हापुरात कुठल्याही ऑफिसात ती असतेच. मागच्या पानांवर गावोगावच्या दूध संस्थांचे फोन नंबर छापलेले. सरपंचांचा नंबर चुकेल, दूध संस्थेचा चुकायचा नाही. मॅनेजरच्या फोनवर मी, मोबाइलवर इंदुताई, आणि मध्ये खुर्ची ओढून अनुसयाबाई.

पहिला फोन लागला.

"हॅलो, दूध संस्था का? सरपंचबाई आल्यात का दूध घालायला?"

"कोन सरपंचबाई?" सेक्रेटरी म्हणाला. "सरपंच आमचे चौगुले मामा. ते कोल्हापूरला गेल्यात, जेवान हाय त्यांचं."

"सरपंच रंजना चौगुले!"

"आं? रंजनावैनी व्हय!" मग तो मोठ्यानं ओरडलेला ऐकू आला, "ओ वैनी, सरपंच म्हनून तुमालाच फोन हाय!"

कॅन खाली ठेवल्याचा आवाज आला. "हॅलो?" घाबरलेला आवाज. मी भराभर सांगितलं. ती म्हणाली, "मी? आत्ता? अंगावर घरातली साडी हाय वो. आनि मालक काय म्हनतील?"

अनुसयाबाईंनी माझ्या हातातून फोन हिसकावला. "रंजे, मी अनुसाक्का. आंबेघोलची. मालक तुझ्याच खुर्चीत बसल्यात, अत्तर लावून. साडीचं काय घिऊन बसलीस? कॅन घे आनि टेम्पोत चढ. ड्रायव्हरला म्हनावं, मंगल कार्यालयापाशी थांबीव."

त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "फुडचा लाव."

पुढचा पाऊण तास कसा गेला ते मला आजही धड सांगता येत नाही. माझं बोट डायल करून दुखायला लागलं. एक लाइन लागेना, एक लागली तर फॅट तपासायचं यंत्र घरघरत होतं आणि काही ऐकू येत नव्हतं. एका गावात सेक्रेटरी म्हणाला, बाई आत्ताच दूध घालून गेल्या. इंदुताई ओरडल्या, "मग धाव की रे मागं!" तो खरंच धावला. फोन उघडाच ठेवून. आम्ही तिघी त्याच्या चपलांचा आवाज ऐकत बसलो. एकीची म्हैस व्यायला झाली होती, ती येणार नव्हती. एकीच्या सासूनं फोन घेतला आणि सुनेच्या नावानं जे सुरू केलं, ते ऐकून इंदुताईंनी गुपचूप फोन ठेवून दिला. एक जण मात्र काहीच न विचारता म्हणाली, "येते." मी म्हटलं, "का ते तर विचारा." ती म्हणाली, "तीन वर्षात पहिल्यांदा कुनी बलवलंय. जाताना कशाला विचारू?"

सातला टेम्पो निघाले. मी डायरी मिटली. अठ्ठावीस जणींपर्यंत निरोप पोचला होता. येतील किती, ते त्या दुधालाच ठाऊक.

आता प्रश्न होता लॉनवरच्या सरपंचांचा. उद्योजक मंडळी यायला लागली होती आणि दहाव्या खुर्च्यांवर पुरुष ठाण मांडून बसले होते. उठवावं तर भांडण. गावातली मतं याच मंडळींच्या हातात, त्यांना दुखवून पक्ष कसा चालायचा? मी इंदुताईंना म्हटलं, "आता काय?"

इंदुताईंनी पदर खोचला, माइक घेतला आणि अशा गोड आवाजात बोलल्या, की मीही चाट पडले.

"मंडळी, एक अडचण झालीय. पाहुणे सगळे पुण्या-मुंबईचे. पहिल्यांदाच आपला रस्सा खाणार. आणि या कार्यालयाचे वाढपी सूट घालून चमच्यानं वाढतायत. पांढरा आधी की तांबडा आधी, एवढंही त्यांना कळत नाही. कोल्हापूरची अब्रू आहे. वाढणारे हात कुणाचे आहेत का इथं?"

आमच्याकडे जत्रेच्या पंगतीत रस्सा पुरुषच वाढतात आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. चमच्यानं रस्सा वाढणं हे तर कुणालाच सहन होण्यासारखं नव्हतं.

सगळ्यात आधी दत्ताजीराव पुढे झाले. बायकोच्या खुर्चीमागं उभं राहून बहुधा त्यांचे पाय दुखले होते. "चमच्यानं?" ते म्हणाले. "आवो, आमच्या जत्रंत चार हजार मानूस जेवतंय. बादली आना हिकडं." त्यांनी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या, उपरणं कमरेला बांधलं. मग चौगुले उठले. मग बाकीचे अत्तरवाले. दहा मिनिटांत दहाव्या खुर्च्या मोकळ्या झाल्या आणि आचाऱ्याच्या मंडपात कोण कुठली बादली धरणार यावरून सरपंचांचा वाद रंगला.

"ताई, तुम्ही मंत्री व्हायला पाहिजे होतं," मी म्हटलं.

"तोंड पूस आधी. काजळ गालावर आलंय," इंदुताई म्हणाल्या.

आठ वाजले. सव्वाआठ. टेम्पो येईनात. मी फाटकात उभी राहून हायवेवरचे दिवे मोजत होते. एक टेम्पो आला तसा सरळ पुढं निघून गेला. आठ पंचविसाला लांबून लाल दिव्याची गाडी दिसली. भाऊसाहेब! पाच मिनिटं आधीच. लॉनवर एकच सरपंचबाई बसली होती आणि ती उद्योजकांना वैरणीचे भाव सांगत होती.

गाडी फाटकाशी वळणार, तोच तिच्यापुढे एक टेम्पो घुसला. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला आणि मागचं फाळकं खाली पडलं. दुधाच्या कॅनांच्या मधून एक बाई उतरली. मग दुसरी. तिसरीनं आधी चपला खाली टाकल्या, मग उडी मारली. मागं दुसरा टेम्पो, त्याच्या मागं तिसरा. हॉर्न वाजत होते, कॅन खणखणत होते, बायका एकमेकींना हात देऊन उतरवत होत्या आणि हसत होत्या. कुणी विस्कटलेले केस बांधत होती, कुणी पदरानं तोंड पुसत होती. भाऊसाहेबांची गाडी मध्येच अडकली. ना पुढे, ना मागे. मी चक्क उड्या मारत होते. मोजत होते आणि मोजताना चुकत होते, पुन्हा मोजत होते. तेवीस! अनुसयाबाई धरून चोवीस!

भाऊसाहेब शेवटी गाडीतून उतरून चालतच आले. कपाळाला आठ्या.

"इंदुताई, हा काय प्रकार? दुधाची गाडी कार्यक्रमाला?"

"सरपंच आल्यात, भाऊसाहेब," इंदुताई म्हणाल्या. "त्यांची गाडी हीच."

बायका आत आल्या. आपापल्या नावाच्या पाट्या शोधायला लागल्या. जिला वाचता येत नव्हतं, तिला दुसरी वाचून दाखवत होती. रंजना चौगुले आपल्या खुर्चीपाशी आली, खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला आणि अगदी कडेला टेकून बसली. तेवढ्यात तिचा नवरा बादली घेऊन समोर उभा. मग ती हळूच म्हणाली, "पांढरा घाला आधी."

आख्खं टेबल हसलं. चौगुलेही हसले, कानापर्यंत लाल होत, आणि त्यांनी पांढरा वाढला. सोळा खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. मी तिथं आमच्या कार्यकर्त्या बसवायला निघाले होते. इंदुताई म्हणाल्या, "राहू देत. पाट्याही राहू देत. कोण आलं नाही, तेही दिसू दे."

जेवण रंगात आल्यावर भाऊसाहेबांनी माइक घेतला, ठरल्याप्रमाणे स्त्रीशक्तीवर चार वाक्यं बोलले आणि मग शेजारी बसलेल्या अनुसयाबाईंना म्हणाले, "तुम्हीही बोला दोन शब्द."

अनुसयाबाई उभ्या राहिल्या. माइक त्यांनी तोंडापासून लांब धरला होता, तरी आवाज फाटकापर्यंत गेला.

"मला भाशान येत न्हाई. तीन वर्सं झाली सरपंच हून. ग्रामपंचायतीत मी दोनदा गेलेय. एकदा निवडून आल्यावर हार घालाय, एकदा झेंडावंदनाला. बाकी रजिस्टर घरी येतंय, सही करते, रजिस्टर जातंय. आज पयल्यांदा माझ्या नावाची खुर्ची बगितली. आता ग्रामपंचायतीत बी एक असंलच की. सोमवारी जाऊन बगते."

त्या बसल्या. पहिली टाळी वाजली ती आचाऱ्याच्या मंडपाकडून. दत्ताजीरावांनी बादली खाली ठेवली होती. मग सगळं लॉन उठलं. मी उघडउघड रडत होते आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

पाहुणे पांगल्यावर भाऊसाहेबांनी मला बोलावलं. "फोन तू केलेस म्हणे."

मी खरं ते सांगितलं. नवऱ्यांना जेवायला बोलावलं तेही मीच, आणि टेम्पोही अनुसयाबाईंच्या डोक्यानं आले. मला वाटलं, संपलं माझं तिकीट.

भाऊसाहेब खो खो हसले. "तीस वर्षं राजकारण केलं, पण सरपंचांना सरपंचांच्या हातचं खाताना आज बघितलं. इंदुताई, हिला सोमवारी मुलाखतीला बोलवा. वेळ ठरली की फोन करून कळवा."

इंदुताईंनी माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मला ओरडावंसं वाटलं. त्यांनी पिशवीतून तीच पक्षाची वही काढली, कार्यकर्त्यांचं पान उघडलं, बोट खाली खाली आणलं. आणि बोट थांबलं.

"वैजू, हा नंबर कुणाचा?"

मी वाकून बघितलं. वैजयंता मगदूम. पुढे नंबर. तो माझ्या थोरल्या भावाचा, बापूचा होता. बापूला माझं राजकारण मुळीच पसंत नव्हतं. 'ती नाही उभी राहणार' म्हणून त्यानं एका वाक्यात फोन ठेवला असता आणि मला ते कधी कळलंही नसतं. पण मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. ती वही मीच लिहिली होती. तीन वर्षांपूर्वी, या बायका निवडून आल्याआल्या, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. चाळीस बायकांच्या पुढे चाळीस पुरुषांचे नंबर. आणि स्वतःच्या नावापुढे बापूचा. सुवाच्य अक्षरात, खाली रेघ ओढून. कुणी सांगितलं नव्हतं मला तसं लिहायला.

"तुझा स्वतःचा सांग," इंदुताईंनी पेन उघडलं.

माझा स्वतःचा नंबरच नव्हता.

मी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि बापूचा नंबर खोडला. एकदा खोडून भागेना, दोनदा खोडला.

"फोन कुणालाच करू नका, ताई," मी म्हटलं. "सोमवारी मी येते."

सोमवारी मुलाखती अकराला होत्या. मी साडेनऊला दारात उभी होते.